डॉक्टरच्या घरचं ताट : एक सवाल

डॉक्टर जेवायला बसलाय. पहिला घास मोडलाय. तेवढ्यात दारावर थाप पडते. बाहेर कुणीतरी पेशंट घेऊन आलंय. डॉक्टरनं उठावं का?

सवाल शाळेच्या निबंधातला वाटेल. लोक तो सोपाच समजतात. एक म्हणतो, उठलंच पाहिजे, डॉक्टर म्हणजे देव. दुसरा म्हणतो, डॉक्टर पण माणूसच आहे, त्याला दोन घास सुखानं खाऊ द्या. ही दोन्ही उत्तरं मला फुकटची वाटतात. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यापुढं एकटा डॉक्टर असतो. पण पंगतीला तो एकटा बसलेला नसतो. शेजारी त्याची पोरं असतात, बायको असते, एखादी म्हातारी आई असते. डॉक्टर उठला की तेही सगळे अर्धवट राहतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात काम करतो. दहावीनंतर कॉलेज बघितलं नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचलं. म्हणून मोठमोठ्या तत्त्वज्ञांची नावं माझ्याकडून मागू नका. जे बघितलं आणि जे बाबासाहेबांकडून कळलं, तेवढ्यावर बोलतो.

आमच्या वस्तीतून पहिल्यांदा एमबीबीएस झालेले एक डॉक्टर आहेत. नाव घालत नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. राखीव जागेवर शिकले, शहरात राहिले नाहीत, तालुक्याला परत येऊन दवाखाना टाकला. घर दवाखान्याच्या वरच. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. त्या घरात माझं जाणं-येणं आहे.

काका वर आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुणार. तोपर्यंत पोरांनी त्यांना शिवायचं नाही. (आपल्या आज्या-पणज्यांना जे शिवू देत नव्हते तो विटाळ निराळा आणि हा निराळा. हा साबणानं जातो.) मग चार ताटं. बोलणं सुरू झालं की जुलाब, पू, टाके, कावीळ. दुसऱ्या घरातलं पोरगं ओकलं असतं. ही पोरं आमटी ओरपत विचारणार, मग त्याचा पाय कापावा लागला का? काका कुणाचं नाव घेत नाहीत. एक बाई आली होती, एक म्हातारा आला होता, एवढंच. बरोबर आहे. वस्तीतल्या बाईचा आजार ही काय कुणाच्या तोंडी लावायची चटणी नाही. तरी गाव एवढंसं, पोरं ओळखतात आणि गप्प बसतात. लोकांची गुपितं पोटात ठेवायला ती दहाव्या वर्षीच शिकली.

आणि मग खालून हाक येते. काका आहेत का? काका घास ताटात टाकतात, हात धुतात, जातात. काकू त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालते. बाकीचे खाली माना घालून जेवतात. भरल्या ताटावरून उठू नये असं आपल्यात म्हणतात. त्या घरात ही म्हण कुणी उच्चारत नाही.

मुलगी मला एकदा म्हणाली, "तुझ्या बाबांना पाळी होती. कधी जाणार, कधी येणार, ते तुला ठाऊक होतं. आमच्या बाबांना पाळीच नाही." आणि म्हणाली, "माझं पोट दुखलं की बाबा म्हणतात ओवा खा. खालच्या बाईचं पोट दुखलं की पंधरा मिनिटं तपासतात. आमच्या घरात आजारी ठरायला खूपच आजारी पडावं लागतं." हे ती हसत म्हणाली. पण डॉक्टरांची पोरं हे नेहमी हसतच सांगतात, याचा मी पुष्कळ विचार केला.

आता आधी पेशंटची बाजू. ती आपल्याइतकी कुणाला ठाऊक नसेल.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ म्हणून आपल्या आठवणी लिहून ठेवल्यात. त्यात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आहे. १९२९ सालच्या डिसेंबरात ते ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली, तापानं फणफणलेली. गावातला हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मोठ्या माणसांची रदबदली झाली, फीचे दोन रुपये कबूल झाले, तेव्हा आला. तोही वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत तसाच उलटा प्रवास. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला आणि न्यूमोनिया आहे असं सांगितलं. हात लावला नाही. औषध पाठवलं, पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली.

त्या डॉक्टरकडं विद्या होती, नळी होती, फी घ्यायला खिसा होता. त्याला फक्त आपल्या जागेवरून उठायचं नव्हतं. मी ‘जागा’ म्हणतो तेव्हा जातीतली जागा म्हणतो. ज्या समाजानं असे डॉक्टर बघितले, त्यातला एक माणूस स्वतः डॉक्टर होऊन हाकेसरशी ताटावरून उठतो, हात लावतो, पू पुसतो, ही लहान गोष्ट नाही. काका उठतात तेव्हा माझ्या लेखी त्या बाळंतिणीचं देणं फिटत असतं.

आणखी एक नाव घेतो. १८९७ चा पुण्याचा प्लेग. जोतिराव आणि सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. त्यानं गावाबाहेर माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून तिथं पोचवलं. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पोटच्या आणि परक्या पोरात त्या बाईनं फरक केला नाही, आणि करायचा नव्हताच, कारण यशवंतही तिच्या पोटचा नव्हता. तेव्हा उठावं की नाही याला माझं पहिलं उत्तर, उठावं. मरणाऱ्याला थांबायला वेळ नसतो. ताटाला असतो.

पण इथं थांबलो तर मी पण त्या फुकटच्या उत्तरवाल्यांत जमा. कारण दुसरी बाजू पण आपल्याच इतिहासातून येते.

एकत्र बसून, वेळेवर, पोटभर, आपल्या घरचं ताजं जेवण. मित्रांनो, ही आपल्याकडं किती पिढ्यांची गोष्ट आहे ते मोजा. येसकरपाळी होती तेव्हा आपला पणजा काठी घेऊन दारोदार ‘भाकर वाढा’ करायचा. कुठली शिळी, कुठली विटकी. ती घरी येईल तेव्हा पोरांनी खायचं. जेवणाची वेळ गावाच्या हातात होती. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. मग गिरण्या आल्या आपल्या वाट्याला. बाप रात्रपाळीला, आई मोलमजुरीला, पोर चुलीपाशी एकटं. मी माझ्या बापाबरोबर जेवलो ते आठवड्याच्या सुट्टीला आणि संपात. संपात भाकरी कमी होती, पण सगळे एकदम बसायचो.

म्हणून दिवसातनं एकदा आईबाप पोरांबरोबर ताटावर बसणं ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये. ती मिळवलेली गोष्ट आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा कायदा झाला. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्या सहा तासांचं काय करायचं होतं कामगारानं? झोपायचं होतं, वाचायचं होतं, पोराच्या ताटात काय आहे ते बघायचं होतं. माणूस म्हणून जगायला लागतो तो वेळ. तो जसा साच्यावरच्या कामगाराचा हक्क, तसाच डॉक्टरच्या पोराचा.

आता तराजूत दोन्हीकडं वजन आहे. इकडं मरणाऱ्याचा हक्क, तिकडं पोराचा. असं झालं की आपल्याकडं लगेच एक शब्द काढतात. त्याग. डॉक्टरच्या कुटुंबाचा त्याग. कार्यकर्त्याच्या कुटुंबाचा त्याग. या शब्दाचा मला फार राग येतो.

त्याग आपला आपण करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीनं केलेल्या त्यागाला साध्या मराठीत घेणं म्हणतात. काकांनी स्वतःची भूक सोडली, तो त्यांचा त्याग. पोरीचा बाप ताटावरून गेला, तो तिच्याकडनं घेतलेला. घ्यावा लागला असेल, मान्य. पण घेतलं तर नोंद नको का? किराणावाला पण खात्यावर लिहितो.

बाबासाहेबांनी लिहिलं. मला त्यांच्या मोठेपणात ही गोष्ट फार वरची वाटते. चार लेकरं गेली, रमाबाईंनी उपासमारीत संसार ओढला, १९३५ साली त्या गेल्या. आपण त्यांच्या त्यागाची गाणी म्हणतो. बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला वाहिला आणि त्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी सोबतीनं काय सोसलं ते पहिल्याच पानावर नोंदवलं. राजकारणाचा जाडजूड ग्रंथ, आणि पहिल्या पानावर घरातलं देणं.

पुढं तर त्यांच्या ताटाशेजारी खरोखरच डॉक्टर आली. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न झालं. त्या सविता आंबेडकर झाल्या. मधुमेहाच्या माणसाचं जेवण म्हणजे काय ते ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याला विचारा. काय खायचं, किती, केव्हा, सुई कधी. जेवणाच्या टेबलावर ‘हे नको’ म्हणणारं माणूस कुणालाच आवडत नाही. त्यांनी ते काम केलं. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’साठी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात आपलं आयुष्य वाढवल्याचं श्रेय त्यांना आणि डॉ. मालवणकरांना दिलंय. ग्रंथ १९५७ ला आला, तिच्यात ती प्रस्तावना नव्हती. आणि आपण काय केलं? माईंवर संशय घेतला, त्यांना चळवळीबाहेर उभं केलं. देणं लिहिलेलं होतं. आपण पान उघडलं नाही. हे काहींना झोंबेल. झोंबू दे.

बाई डॉक्टर असली की सगळा सवालच बदलतो हे पण यात येतं. काका ताटावरून उठले तर वस्ती म्हणते, किती मोठं मन. एखादी डॉक्टरीण बाई उठली तर सासू म्हणते, पोरं उपाशी टाकून चालली. शिवाय तिनं ताट वाढून मगच जायचं. आणि तिच्या ताटावर ताट पालथं घालायला कोण बसलंय? नवरा? मला तरी असा नवरा अजून बघायला मिळाला नाही. काकू शाळेत नोकरी करते. तिला पण सकाळी सातला घंटा आहे. काका रात्री अकराला वर आले की आमटी गरम करायला तीच उठते. रुग्णसेवा काकांच्या नावावर, जागरण काकूच्या.

आणखी एक बघा. त्याच तालुक्याला वरच्या जातीतले दुसरे डॉक्टर आहेत. रात्री नऊला फाटक बंद. कंपाउंडर सांगतो, साहेब जेवतायत, थांबा. लोक थांबतात. आपले पण थांबतात, भिंतीला टेकून. कुणी म्हणत नाही की साहेब समाजाला विसरले. काकांनी एक दिवस ‘जेवून येतो’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी चौकात चर्चा, शिकला आणि माजला. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती प्रत्येकाच्या तोंडपाठ. ती खंत ज्यांनी समाजाकडं पाठ फिरवली त्यांच्यासाठी होती. जो परत आला, खाली दवाखाना टाकून बसला, त्याच्या ताटात दगड टाकायला ती वापरू नका. जेवायचा हक्क पण इथं जातीनं वाटलाय, आणि वाटणाऱ्यांत आपण पण आहोत, हे कबूल करा.

त्या माणसानं शिकताना काय जेवलं असेल ते तरी आठवा. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत, दिल्लीच्या एम्समध्ये, जातीभेदाची चौकशी करायला थोरात समिती नेमली गेली होती. तिचा २००७ चा अहवाल आहे. खानावळीतसुद्धा आपल्या पोरांना एकटं पाडतात हे त्यात आलंय. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. जातीवरून छळल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली, खटला उभा राहिला. आदिवासी घरातली पोर, डॉक्टर झालेली. असल्या पंगतीतून उठून जो माणूस आपल्या गावात येतो, त्याला आपल्या घरच्या पंगतीला बसायचा हक्क जरा जास्तच असेल, कमी नाही.

आता मुळाशी जाऊ. काकांनाच दर वेळी का उठावं लागतं? कारण दुसरा कुणी नाही. १९४६ साली भोर समितीनं सांगितलं होतं की तातडीचा उपाय म्हणून ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर. पुढं जाऊन १० ते २० हजारांना ७५ खाटांचं केंद्र व्हायचं होतं. आज कागदावर सपाट भागात ३०,००० ला एक केंद्र आहे. ७५ खाटा कुठं गेल्या? केंद्रावर रात्री जाऊन बघा. कुलूप, नाहीतर एकटी सिस्टर. डॉक्टरची जागा रिकामी. सरकारनं जी खुर्ची रिकामी ठेवली, तिचा भुर्दंड काकांच्या पोरीनं भरायचा. तिच्या शेजारचं ताट रिकामं राहतं ते या हिशेबानं.

म्हणून मी म्हणतो, डॉक्टरचं जेवण हा कामगारांचा प्रश्न आहे. गिरणीत साचा चोवीस तास चालतो, पण माणूस आठ तासांनी बदलतो. बदली येतो, मग पहिला घरी जातो. हे गिरणीच्या मालकाला जमतं, कायद्यानं त्याला जमवावं लागलं. दवाखान्याला का जमू नये? १९९२ साली केंद्र सरकारनं निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांचा नियम कागदावर आणला. सरकारी इस्पितळातल्या कुठल्याही शिकाऊ डॉक्टरला विचारा, किती तास उभा आहेस. तो हसेल. जिथं पाळी नाही तिथं त्यागाची भाषणं असतात. रिकाम्या जागा भरल्या, रात्रीला दुसरा डॉक्टर आला, तर नव्वद टक्के सवाल सुटतो. तो सोडवायचं काम काकांच्या मनाच्या मोठेपणाचं नाही, आपल्या मोर्चाचं आहे.

उरलेले दहा टक्के मात्र माणसाचे आहेत. कितीही डॉक्टर झाले तरी एखाद्या रात्री हाक येणारच. तेव्हा काय? माझं उत्तर असं.

साप चावला, बाई अडली, छातीत कळ आली, पोर निळं पडलं, तर उठावं. हातातला घास टाकून. पण सुट्टीचं सर्टिफिकेट, सहीशिक्का, आठ दिवसांची खाज, यासाठी रात्री नवाला हाक मारणाऱ्याला खाली बसवावं. हे बसवायचं काम डॉक्टरनं करू नये, वस्तीनं करावं. दारात जो आपला पोरगा उभा असेल त्यानं सांगावं, काका जेवतायत, बसा.

उठताना पोराला सांगून जावं. कुठं, कशासाठी. ‘गप जेव’ म्हणून जाऊ नये. सात वर्षांच्या पोराला ‘एक बाळ श्वास घेत नाहीये’ हे कळतं. न सांगता गेलेला बाप त्याला नुसता गेलेला दिसतो. सांगूनही पोर रागावलं तर रागवू द्यावं. त्याला आदर्श लेकरू व्हायची सक्ती करू नये. आणि परत आल्यावर आमटी आपली आपण गरम करावी.

मित्रांनो, मी डॉक्टरच्या घराचं निमित्त केलं ते एवढ्यासाठी की आपल्यातले बहुतेक जण डॉक्टर होणार नाहीत, पण उठणारे सगळे आहोत. जिथं अत्याचार झाला तिथं आपण भरल्या ताटावरून उठतो. उठलंच पाहिजे. पण प्रत्येक रात्र अत्याचाराची नसते. कितीतरी रात्री आपण जयंतीच्या वर्गणीसाठी, कोण अध्यक्ष यासाठी, टपरीवरच्या चर्चेसाठी उठलेलो असतो, आणि घरात सांगितलेलं असतं चळवळ. घरात कुणीतरी ताटावर ताट पालथं घालतं. समतेची भाषणं करून आपण बाराला परततो आणि ती वाट बघत उपाशी बसलेली असते. ‘तू जेवून घ्यायचंस’ असं म्हणून आपण मोकळे.

आमच्या मंडळाच्या येत्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. रात्री आठ ते साडेनऊ एकही बैठक ठेवायची नाही. जेवण घरी, घरच्यांबरोबर करून मग यायचं. बैठकीला बायका पण येतील अशी वेळ ठरवायची. तातडीचं काम निघालं तर वेळ मोडायची, पण का मोडली ते वहीत लिहायचं. दुसरा ठराव, आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या किती जागा भरल्यात आणि किती रिकाम्या आहेत ती यादी माहिती अधिकारात मागायची, आणि तेवढ्यावर तहसीलवर जायचं. दोन्ही ठराव एकाच कागदावर मांडणार आहे. पहिल्या ठरावाला कुणी हसेल, ‘चळवळीत जेवणाचा काय संबंध’ म्हणेल. त्यानं आधी आपल्या घरी विचारून यावं आणि मग हात वर करावा.

ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या अंकाला लिहावं. घरात वाचून दाखवून मग पाठवावं.

जयभीम.